फॅक्टरीतली रात्रपाळी

प्रश्न असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी मंडळींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट दाखवला, बाहेर पडताना प्रत्येकाकडून चिठ्ठीवर अभिप्राय लिहून घेतला आणि आता त्या चिठ्ठ्या वाचून आयोजक संभ्रमात पडले आहेत. बहुतेकांना चित्रपट आवडला. पण ज्यांनी तक्रार केली आहे त्यांच्या तक्रारी एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी म्हणतो की चित्रपट फारच हलकाफुलका आहे, दादासाहेब फाळक्यांनी सोसलेले हाल त्यात दिसत नाहीत. ललित कला शाखेतील विद्यार्थ्यांच्या मते तंत्राचा तपशील अपुरा आहे. काहींना शेवट गोड केल्याचा राग आला आहे, आणि जुन्या बडोदेकरांचा एकच सवाल आहे, की यात आमचे बडोदे कुठे आहे? चित्रपट व्यवसायात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून यांपैकी कोणाचे म्हणणे खरे धरावे ते मी सांगावे, अशी विचारणा झाली आहे.

मी सुमारे तीस वर्षे मुंबईत संकलनाचे काम केले. निम्मी वर्षे फिल्म हाताने कापून आणि पुढची संगणकासमोर बसून. त्या संध्याकाळी मी प्रेक्षागृहात होतो आणि सवयीने शेवटच्या रांगेत बसलो होतो. संकलकाला पडद्याइतकेच पुढच्या रांगांतील डोक्यांकडे पाहण्याचे वळण लागते. प्रेक्षक चित्रपटात गुंतलेला असतो तोवर डोकी स्थिर असतात. तो सुटला की आधी खोकला ऐकू येतो, मग खुर्ची करकरते आणि मग कोणीतरी मनगट वळवून घड्याळ पाहतो. त्या दिवशी खोकला फार थोडा होता. घरातले सामान विकले जाऊ लागले तेव्हा सभागृह हसले, स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या मिशा काढण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याहून मोठ्याने हसले, आणि ज्या गृहस्थांनी नंतर ‘उथळ’ असा शेरा लिहिला तेही माझ्यापुढच्या रांगेत हसून हसून रुमालाने चष्मा पुसत होते. मी त्यांना खोटे ठरवत नाही. पाहताना बनलेले मत आणि बाहेर सेव-उसळीच्या गाडीपाशी उभे राहून बनलेले मत ही दोन वेगळी मते असतात, आणि चिठ्ठीवर नेहमी दुसरेच उतरते, एवढेच लक्षात ठेवून चिठ्ठ्या वाचाव्यात.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा परेश मोकाशी यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, २००९ सालचा. फाळक्यांची भूमिका नंदू माधव यांनी आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची विभावरी देशपांडे यांनी केली आहे. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्या वर्षी हाच चित्रपट पाठवण्यात आला होता. कथा १९११ मध्ये सुरू होते: फाळके मुंबईत एक विलायती चित्रपट पाहतात, त्याच्या नादी लागतात, लंडनला जाऊन कॅमेरा आणतात आणि ‘राजा हरिश्चंद्र’ तयार करतात, जो ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. नावातल्या ‘फॅक्टरी’मागे एक जुनी हकीकत आहे. चित्रपटात काम करणे हे त्या काळी सांगण्यासारखे काम नव्हते. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, की कोणी विचारले तर हरिश्चंद्र नावाच्या माणसाच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे.

पहिली तक्रार हलकेपणाची आहे आणि ती सर्वांत जास्त चिठ्ठ्यांत असल्यामुळे तिला सर्वांत जास्त जागा देतो. दिग्दर्शकाने हसरा सूर लावला म्हणून हाल झाकले गेले, असा या मंडळींचा तर्क आहे. माझा अनुभव मात्र उलटा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक युनिटांत सर्वांत मोठा हशा सर्वांत वाईट दिवशी ऐकू आला. रात्री दोन वाजता जनरेटर बंद पडलेला असतो, नटीची गाडी निघून गेलेली असते, निर्माता फोन उचलत नसतो, आणि पन्नास-साठ माणसे एका आवारात अडकलेली असतात. त्यांच्यापुढे भांडणे किंवा हसणे असे दोनच मार्ग असतात, आणि भांडून झालेले असते. शिवाय खुद्द फाळके हे काही रडव्या प्रकृतीचे गृहस्थ नव्हते. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जाहीरपणे जादूचे प्रयोग करणारा माणूस तो. त्याच्या कथेला मिश्किल सूर लावला यात प्रतारणा कसली? सूर बरोबर आहे. तरीही या प्रेक्षकांना काहीतरी कमी पडल्यासारखे वाटले, ते वाटणे खरे आहे. फक्त त्यांनी दुखण्याला चुकीचे नाव दिले आहे.

नेमके नाव एका वेगळ्याच चिठ्ठीत सापडले. आयोजकांनी ती गमतीची म्हणून बाजूला काढून ठेवली होती. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी लिहिले होते: ‘फॅक्टरी म्हटले, मग रात्रपाळी कुठे दिसली?’ माझ्या मते त्या गठ्ठ्यातील ही सर्वांत जाणती चिठ्ठी आहे. कामाच्या जागी आयुष्य काढलेल्या माणसाला दुःख आणि काम यांतला फरक कळतो. चित्रपटात दुःख कमी आहे ही तक्रार महत्त्वाची नाही. चित्रपटात कामाला लागणारा वेळ कमी आहे, ही खरी गोष्ट आहे.

थोडा हिशेब करून पाहू, कारण हिशेब मांडल्याखेरीज हा मुद्दा समजणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती आणि तो पुरा करण्यास ६ महिने २७ दिवस लागले, असे नोंदले गेले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी अठरा फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात, आणि मूकपटाची गती सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली तर एक फूट म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद होतो. एवढे लोक, एवढे सामान, एवढा स्वयंपाक, आणि दिवसाअखेर हाती अठरा सेकंद. आजही हे प्रमाण ऐकून व्यवसायातल्या माणसाला नवल वाटणार नाही, परंतु प्रेक्षकाला ते कधी सांगितले जात नाही.

आता भोकांकडे वळू. फाळक्यांनी विकत आणलेली कोडॅकची फिल्म कोरी होती. ज्यांत यंत्राचे दाते अडकून फिल्म पुढे सरकते ती तिच्या कडेची भोकेही घरी पाडावी लागत, त्यासाठी यंत्र लंडनहूनच आणले होते. एका चित्राला प्रत्येक बाजूस चार भोके लागतात. म्हणजे फुटाला एका बाजूस ६४ आणि दोन्ही बाजू मिळून १२८. तयार चित्रपटाच्या ३,७०० फुटांचा गुणाकार केला तर ४,७३,६०० भोके होतात. निगेटिव्हवरून एक प्रत छापायची म्हणजे तेवढीच आणखी, आणि जे चित्रण वाया गेले त्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. यंत्राच्या एका दाबात एकाहून अधिक भोके पडत असतील असे धरले तरी हा आकडा डोळ्यांपुढे आणावा. हे काम सरस्वतीबाईंनी केले, आणि ते अंधारात केले, कारण कोऱ्या फिल्मला उजेड लागला की ती वाया जाते. दिवसा चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड परतवण्याचे कामही त्यांनी केले, साठेक माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता, आणि मुले लहान होती. चित्रण सूर्यप्रकाशातच शक्य होते. त्यामुळे फिल्म धुण्याछापण्याचे काम रात्रीवर येई. म्हणजे गिरणीतल्या गृहस्थांना हवी होती ती रात्रपाळी दादरच्या त्या घरात अक्षरशः चालू होती. चित्रपटात सरस्वतीबाई प्रसन्न, समंजस आणि नवऱ्याच्या वेडात भागीदार अशा दिसतात, आणि विभावरी देशपांडे यांनी ती भागीदारी फार सुरेख उभी केली आहे. पण त्यांचा खांदा दुखलेला दिसत नाही.

याच्या जोडीला एक गमतीचा हिशेब सांगतो. या चित्रपटाची म्हणून एक जाहिरात सांगितली जाते, की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे. संकलकाची खोड म्हणून मी एकदा ती तपासून पाहिली. ३,७०० फुटांना १६ ने गुणले की ५९,२०० चित्रे येतात, म्हणजे सत्तावन्न हजारांचा दावा जवळजवळ चोख आहे, किंबहुना थोडा कमीच. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. प्रत्यक्ष फिल्म पाऊण मैलही भरत नाही. एकाच जाहिरातीत एक आकडा सचोटीचा आणि शेजारचा आकडा तिप्पट फुगवलेला! हा व्यवसाय पहिल्या दिवसापासून असा आहे, आणि चित्रपटातील फाळक्यांचा बेरकी भोळेपणा ज्यांना अतिरंजित वाटला त्यांनी या जाहिरातीकडे जरूर पाहावे.

वेळ पडद्यावर का येत नाही, हे मात्र दिग्दर्शकाला विचारून उपयोग नाही. तो दोष आमच्याकडे येतो. संकलकाचे काम म्हणजे कामाला लागलेला वेळ काढून टाकणे. माणूस दाराशी येतो, कडी काढतो, दार उघडतो, आत येतो. आम्ही कडीही काढतो आणि दारही, माणूस एकदम खोलीत असतो, आणि तो आत कसा आला हे कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा आमचे काम नीट झाले असे मानतात. चित्रपट बनवण्यावरचा चित्रपट संकलनाला येतो तेव्हा अडचण इथे उभी राहते. जे दाखवायचे तेच कापायचे असते. ‘किती सहज जमून गेले सगळे’ असा अभिप्राय एका चिठ्ठीत आहे. लिहिणाऱ्याने तो दोष म्हणून लिहिला आहे. संकलकाला ती शाबासकी वाटते, आणि विषयाच्या बाजूने पाहिले तर तो खरोखरच दोष आहे.

फिल्मच्या काळातील एक रात्र सांगतो, म्हणजे काय कापले जाते याची कल्पना येईल. स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म पाहून जुळवण्याच्या टेबलयंत्रावर, बसून एका भांडणाचा प्रसंग जुळवत होतो. बिन म्हणजे कापडी पिशवी लावलेली एक चौकट. तिच्या वरच्या खिळ्यांवर कापलेले तुकडे लटकावून ठेवतात आणि त्यांची शेपटे पिशवीत पडतात. संध्याकाळी मी एका शॉटच्या अखेरीचा सहा चित्रांचा तुकडा कापला होता, म्हणजे पाव सेकंद. रात्री अकराला वाटले, की नटाची पापणी मिटण्याआधी जोड आला आहे, तो तुकडा परत लावला पाहिजे. सहा चित्रे म्हणजे फिल्मचा सव्वाचार-साडेचार इंच तुकडा. तो खिळ्यावर नव्हता. पिशवी उपसली, जमिनीवर पांढरी चादर अंथरली, साहाय्यकाने आणि मी हातमोजे घालून प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून पाहिला, कडेचे नंबर वहीशी ताडले. पहाटे तीनच्या सुमारास तो साहाय्यकाच्या चपलेच्या तळाला चिकटलेला सापडला, आणि त्यावर आडवा ओरखडा होता. लॅबमधून दुसरी प्रत मागवायला चार दिवस लागणार होते. शेवटी तो जोड होता तसाच ठेवला. चित्रपट लागला, लोकांनी पाहिला, पापणीचे कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्या अजून येते. ही रात्र कोणत्या चित्रपटात कशी दाखवणार? दाखवलीच तर अर्ध्या मिनिटात दाखवावी लागेल, आणि अर्ध्या मिनिटात ती विनोदी होईल. हलकेपणा येतो तो असा, कालावधी आखडल्यामुळे. कोणत्याही कष्टाचा वेळ काढून घेतला की त्याची गंमत होते.

याला अपवाद आहे, आणि तो फाळक्यांनीच करून ठेवला आहे. भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी मुख्य चित्रपटाआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती: कुंडीतले रोप, कॅमेरा जागेवरून न हलवता थोड्या थोड्या चित्रांनी अनेक दिवस घेतलेले. पडद्यावर अंकूर झरझर वर येतो. वेळ इथेही गाळलेलाच आहे, पण गाळलेला वेळ डोळ्यांना दिसतो. पाहणाऱ्याला समजते की एवढी वाढ एका मिनिटात होत नसते, कोणीतरी रोज येथे येऊन उभे राहिले असले पाहिजे. कामावरच्या चित्रपटालाही हे साधता येते. एकच कृती तीन वेगवेगळ्या दिवशी, त्याच कोनातून, थोड्याशा अधिक थकलेल्या हातांनी दाखवली, की सहा महिने सहा सेकंदांत उभे राहतात. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे क्वचितच करते. ती प्रसंगाकडून प्रसंगाकडे आनंदाने उड्या मारत जाते. माझा त्या चित्रपटावरचा आक्षेप एवढाच आहे, आणि त्याच्या गुणांपुढे तो मोठा नाही.

ललित कला शाखेतील विद्यार्थ्यांची तंत्राबद्दलची तक्रार मी फार वेळ चघळणार नाही. दीड तासाच्या कथापटाने रसायनांची प्रमाणे शिकवावीत अशी अपेक्षा धरू नये. ज्यांना खरोखर जिज्ञासा आहे त्यांनी फाळक्यांचेच दोन दस्तऐवज शोधावेत. १९१७-१८ मध्ये त्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी मराठीत लेख लिहिले; आणि त्याच सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा एक लघुपट केला, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. म्हणजे चित्रपट व्यवसायातील कामावरचा चित्रपट ही कल्पनाही आपल्याकडे त्यांनीच पहिल्या काही वर्षांत वापरून पाहिली होती. विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही चिठ्ठीत याचा उल्लेख नव्हता, याचे मला वाईट वाटले.

शेवट गोड केल्याच्या रागाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. फाळके १९४४ मध्ये नाशिकला वारले. त्यांचा अखेरचा चित्रपट १९३७ चा. तोवर बोलपट येऊन व्यवसाय त्यांच्या हातून पुढे निघून गेला होता. हे सर्व माहीत असलेल्या प्रेक्षकाला चित्रपट यशाच्या क्षणी थांबतो हे फसवणुकीसारखे वाटते. पण कथा कुठे थांबवायची हा मुळात संकलनाचा निर्णय आहे, खऱ्याखोट्याचा नव्हे. १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी ‘कागज के फूल’मध्ये एका दिग्दर्शकाचा ऱ्हास शेवटच्या श्वासापर्यंत दाखवला. तो तेव्हा चालला नाही, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव लावले नाही. आज तोच चित्रपट लोक आदराने पाहतात. तेव्हाच्या प्रेक्षकांना चित्रपट व्यवसायाचे दुःख नको होते, आजच्या आपल्या चिठ्ठ्यांना ते पुरेसे मिळत नाही. प्रेक्षकांचे मत बदलते यात काही गैर नाही. मात्र आपल्या मताखाली आपण ज्या वर्षी ते लिहिले त्या वर्षाचीही सही असते, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याने ओळखावे.

एका मुद्द्यावर मात्र माझी नाराजी प्रेक्षकांवरच आहे. तारामतीची भूमिका करणाऱ्या अण्णा साळुंके यांच्यावर सभागृह फार हसले, आणि दोन-तीन चिठ्ठ्यांत ‘तारामतीचा विनोद मस्त’ असे शेरे आहेत. स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी निवडले, ही हकीकत हसण्यासारखी आहे हे कबूल. पण ती तिथे संपत नाही. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच माणसाने केल्या, आणि पुढे त्याने कॅमेराही हाताळला. हॉटेलातून आलेला पोरगा पडद्यावरून कॅमेऱ्यामागे जातो, ही आमच्या व्यवसायाची अस्सल कहाणी आहे. असे प्रवास मी स्वतः पाहिले आहेत, चहा आणणाऱ्या मुलाने पुढे फोकस ओढलेला पाहिला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग हेही फाळक्यांनी शिकवून तयार केलेले मित्र होते. कोणतीही शाळा नव्हती, कामच शाळा होती. चिठ्ठ्यांत तेलंगांचे नाव एकाही प्रेक्षकाने घेतले नाही. कॅमेरामनच्या नशिबी हे शंभर वर्षे चालू आहे.

आता बडोद्याचा प्रश्न. ‘आमचे बडोदे कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांत बहुतेक सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि तो स्थानिक अभिमान म्हणून सोडून देण्याचा आयोजकांचा कल दिसला. मला तो प्रश्न चित्रपटाच्या गाभ्यालाच लागणारा वाटतो. फाळके थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासोबत बडोद्यास आले आणि सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकले. कलाभवन १८९० मध्ये सुरू झाले. त्याची घडी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी बसवली, आणि चित्रकलेइतकीच रंगाई, रसायने, यंत्रे यांना तेथे जागा होती. फाळके येथे तैलरंग आणि जलरंग शिकले, शिल्प आणि वास्तूचे आराखडे शिकले, छायाचित्रे काढून स्वतः धुऊ लागले. पुढे गोध्रा येथे स्टुडिओ काढला. तेथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. ते परत बडोद्यास आले आणि येथे पुन्हा छायाचित्रांचा धंदा थाटला, तर तो चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातले बळ ओढून घेतो असा लोकांचा समज होता. आपल्याच शहराने त्यांना गिऱ्हाईक दिले नाही, हे अभिमानाच्या भरात विसरू नये. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, त्या ओळखीने नाटकांत लहानसहान कामे केली, आणि शहरात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकली.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. रंगवलेले पडदे, छायाचित्रण, फिल्म धुणे, मांडणीचे आराखडे, नटांची जवळून ओळख आणि नजरबंदी: चित्रपटाला लागणारा प्रत्येक हात १९११ च्या आधी, आणि पुष्कळसा धंदा बुडाल्यामुळे, बडोद्यात तयार झालेला होता. चित्रपट १९११ पासून सुरू होत असल्याने प्रेक्षकाला मात्र असे दिसते, की एका माणसाने एक विलायती चित्रपट पाहिला आणि दोन वर्षांत तो स्वतः करून मोकळा झाला. ‘किती सहज जमून गेले’ ही चिठ्ठी आणि ‘बडोदे कुठे आहे’ ही चिठ्ठी, दोघी एकच गोष्ट सांगत आहेत. वीस वर्षांची उमेदवारी कापली गेली आहे. मी मोकाशींच्या जागी असतो तर मीही बहुधा तिथेच कापले असते, कारण वीस वर्षांची उमेदवारी दाखवत बसले तर कॅमेरा विकत घेईपर्यंतच मध्यंतर येईल. पण कापले आहे हे मान्य करावे लागते.

म्हणून कोणाचे म्हणणे खरे, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की हलकेपणाची तक्रार करणाऱ्यांना रोग कळला आणि कारण चुकले. शेवटाची तक्रार करणाऱ्यांनी वेगळाच चित्रपट मागितला. बडोदेकर बरोबर आहेत, मात्र त्यांना वाटते त्याहून अधिक गंभीर कारणाने. आणि गिरणीतल्या गृहस्थांनी एका ओळीत सगळे सांगून टाकले.

पुढच्या खेळाच्या वेळी अभिप्राय निराळ्या रीतीने घ्यावेत, अशी एक व्यावहारिक सूचना करतो. ‘चित्रपट कसा वाटला’ असे विचारले की माणूस परीक्षक होतो आणि शेरा मारतो. त्याऐवजी ‘कोणत्या प्रसंगी तुमचे लक्ष दुसरीकडे गेले’ आणि ‘घरी जाताना कोणाचे हात आठवले’ असे दोनच प्रश्न चिठ्ठीवर छापावेत. पहिल्याला लोक प्रामाणिक उत्तर देतात, कारण त्यात अक्कल दाखवावी लागत नाही. दुसऱ्यावरून चित्रपटाने काम दाखवले की नुसती माणसे दाखवली, ते कळते. आणि चिठ्ठ्या दारातच घ्याव्यात, सेव-उसळीच्या आधी.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहे; काही इतिहासकारांच्या मते ती रिळे फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. कोणतीही असोत, ती मिळवता आली तर मुख्य खेळाच्या आधी दाखवावीत. माझ्याकडे ३५ मिलिमीटर फिल्मचे काही जुने तुकडे आहेत. त्यांतून एक फूट कापून आणीन आणि त्या गिरणीवाल्या गृहस्थांच्या हातात देईन. तेवढे त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, आणि दिवे मालवण्याआधी त्यांनी भोके मोजून सभागृहाला आकडा सांगावा.